भिजत घोंगडं: शिकाऱ्याची थंडी, लोकर आणि प्लास्टिक

नोव्हेंबर लागला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत झगझगीत नारिंगी कपड्यांतली माणसं दिसू लागतात. गॅस स्टेशनवर थर्मासमध्ये कॉफी भरून घेणारी, डायनरमध्ये पहाटे अंडी खाणारी, पिकअप ट्रकच्या मागे हरीण घालून परतणारी. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. पेनसिल्व्हेनियात वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडतो, तरी बऱ्याच शाळांनी सोमवारची सुट्टी सोडलेली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक हातात धरलेली नसते. "आपला काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध कपड्यांचा आहे. थंडीत अंगावर लोकरीचे थर घालायचे की सिंथेटिकचे, हा इथल्या शिकाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद आहे. तुमच्या कपाटातलं, कंपनीचं नाव भरलेलं फ्लीसचं जाकीट आणि मेरिनो लोकरीचे महागडे मोजे या दोन्हींचा इतिहास याच वादाच्या शेजारून जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. लोकर चांगली की प्लास्टिक, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, कारण प्रश्न विचारताना आपण पाणी विसरतो. कोणता धागा पाण्याशी कसा वागतो आणि तुम्ही किती वेळ चालणार, किती वेळ बसणार, हे कळलं की निवड सोपी होते. अमेरिकेला हे उमजायला शंभरेक वर्षं लागली. त्याची सुरुवात एका वाईट दिवसापासून सांगतो.

११ नोव्हेंबर १९४०

त्या दिवशी आर्मिस्टिस डेची सुट्टी होती. आज आपण तिला व्हेटरन्स डे म्हणतो. सकाळी हवा ऋतूच्या मानाने चांगलीच उबदार होती. मिसिसिपी नदीच्या पात्रातल्या बेटांवर आणि पाणथळ जागांत बदकांच्या शिकारीला शेकडो लोक छोट्या होड्यांतून गेले. वादळापुढे पळणारे बदकांचे थवेच्या थवे आकाशात होते. असा दिवस शिकाऱ्याला क्वचित मिळतो, त्यामुळे परत फिरायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात उशिरा आला.

मग पाऊस आला, त्याची गारगोटी झाली, मग बर्फ. वारा इतका सुटला की नदीत समुद्रासारख्या लाटा उठल्या आणि होड्या किनाऱ्याला लागेनात. काही तासांत तापमान कोसळलं. मिनेसोटात काही ठिकाणी २७ इंचांपर्यंत बर्फ पडला आणि वाऱ्याने त्याचे वीस-वीस फुटांचे ढीग रचले. लेक मिशिगनवर मालवाहू जहाजं बुडाली. मिडवेस्टमध्ये एकूण दीडशेच्या आसपास माणसं दगावली. एकट्या मिनेसोटातले बळी ४९ होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे बदकांचे शिकारी होते. कोणी बुडाले, तर बरेच जण भिजलेल्या कपड्यांत गोठून गेले. जे वाचले त्यांनी उलट्या केलेल्या होडीचा आडोसा धरला, एकमेकांना बिलगून रात्र काढली, झोप लागू नये म्हणून हातपाय हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड छोटं विमान घेऊन त्या वाऱ्यात वर गेला, अडकलेल्यांना शोधू लागला आणि त्यांच्यासाठी खाण्याचे नि काड्यापेट्यांचे डबे खाली टाकू लागला.

या वादळामुळे हवामान खात्यालाही बदलावं लागलं. तोवर त्या सगळ्या प्रदेशाचा अंदाज शिकागोहून यायचा. पुढे चोवीस तास अंदाज देण्याची सोय झाली आणि स्थानिक कार्यालयांना ती जबाबदारी मिळाली. कपड्यांचा धडा मात्र एका दिवसात शिकता येण्यासारखा नव्हता. सकाळच्या उबेला भुलून बरेच जण हलक्या कोटावर निघाले होते, आणि त्या काळी शिकारीचा कोट म्हटलं की सुती कॅनव्हासचा कोट सर्रास असे. या कॅनव्हासला इंग्रजीत 'डक' म्हणतात. त्याचा बदकाशी काही संबंध नाही. कापड या अर्थाच्या डच शब्दावरून ते नाव आलं. काट्याकुट्यांत टिकायला हे कापड उत्तम, पण पाणी मुरलं की त्यातला सुती धागा अंगाला चिकटतो आणि वाळता वाळत नाही.

पाणी काय करतं?

कापडाला स्वतःची ऊब नसते. ऊब तुमच्या शरीराची असते आणि धाग्यांमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा ती धरून ठेवते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की कोट असून नसल्यासारखा होतो. शिवाय ते पाणी वाळायला उष्णता लागते आणि तीही तुमच्याच अंगातून जाते. एक लिटर घाम अंगावरच वाळायचा म्हटला तर त्याला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका भरपेट जेवणाएवढ्या. म्हणूनच तापमान गोठणबिंदूच्या बरंच वर असतानाही भिजलेला माणूस हायपोथर्मियात जाऊ शकतो, म्हणजे त्याच्या शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतं.

शिकाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. गिर्यारोहक बहुतेक वेळ चालत असतो, बस स्टॉपवरचा माणूस उभा असतो. शिकारी दोन्ही करतो. पहाटे अंधारात पाठीवर ओझं घेऊन तासभर चढतो, घामाने भिजतो, आणि मग मचाणावर चार-चार तास हूं की चूं न करता बसतो. स्वस्थ बसलेलं शरीर सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे एका जुन्या बल्बएवढी. चढ चढताना हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. चालताना जे कपडे पुरतात त्यांच्या तीन-चार पट ऊब बसल्यावर लागते, आणि नेमकं तेव्हाच आतलं कापड ओलं असतं.

आता धागे पाहू. लोकरीचा धागा केसाच्याच जातीचा. त्याच्या वरच्या खवल्यांवर चरबीचा पातळ थर असतो, म्हणून पावसाचे थेंब सुरुवातीला त्यावरून ओघळतात. आतला गाभा मात्र पाण्याची वाफ ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. ही वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. ओल्या लोकरीतही ऊब असते हा अनुभव खरा आहे. त्यामागे ही उष्णता आहे, आणि ओल्यातही न चपटणारी धाग्याची नागमोड आहे. पण ही उष्णता उसनी असते. लोकर वाळताना तेवढीच उष्णता परत मागते.

उलट पॉलिस्टरचा धागा पाणी जवळपास घेतच नाही. नेहमीच्या हवेत वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिप्रोपिलीन त्याहून कोरडं. पाणी धाग्याच्या आत न जाता धाग्यांमधल्या फटींत राहतं, त्यामुळे पिळून झटकलं की बरंचसं निघून जातं. कापूस या दोघांच्या मधला आणि दोन्हीकडून वाईट: पाणी भरपूर घेतो, मऊ पडून चपटतो आणि सावकाश वाळतो.

हा लोकरीचा स्वभाव आपल्या भाषेने केव्हाच टिपून ठेवला आहे. माणदेशातले धनगर दख्खनी मेंढ्यांची जाडीभरडी लोकर कातरतात, सणगर तिची घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. पावसाळ्यात मेंढ्यांमागे उभा असलेला धनगर ही घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतो. त्याचंही शिकाऱ्यासारखंच आहे: मैलोन्‌मैल चालायचं आणि मग वाऱ्यापावसात तासन्‌तास उभं राहायचं. घोंगडी रिमझिम अंगावरून ओघळू देते, मुसळधार पावसात सावकाश जड होत जाते, पण ऊब एकदम सोडत नाही. मात्र एकदा पुरती भिजली की तिच्या वाळण्याची वाट पाहावी लागते. जो प्रश्न सुटतही नाही आणि संपतही नाही त्याला आपण 'भिजत घोंगडं' म्हणतो. लोकरीचा गुण आणि दोष दोन्ही या दोन शब्दांत आले.

लाल-काळ्या चौकड्यांचा काळ

अमेरिकेत शंभर वर्षं थंडीतला शिकारी म्हणजे लोकर घातलेला माणूस. १८३० मध्ये जॉन रिच नावाच्या इंग्लंडहून आलेल्या माणसाने पेनसिल्व्हेनियात लोकरीची गिरणी काढली आणि खेचराच्या गाडीतून लाकूडतोड्यांच्या तळांवर कापड नि मोजे विकायला सुरुवात केली. पुढे गावही वूलरिच आणि कंपनीही वूलरिच. तिथल्या लाल-काळ्या चौकड्यांच्या जाड लोकरी कोट-पँटला लोक थट्टेने 'पेनसिल्व्हेनिया टक्सेडो' म्हणू लागले. शिकारी लग्नाला निघाल्यासारखा जंगलात जायचा! पश्चिमेला १८९७ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी सिएटलमध्ये क्लिंटन फिल्सनने दुकान थाटलं. 'मॅकिनॉ' नावाचं दाट, जवळजवळ नमद्यासारखं घट्ट कापड तिथे कोट होऊन विकलं जायचं. हा कोट जड असे, भिजल्यावर आणखी जड होई. पण शेकोटीची ठिणगी पडली तर भोक न पडता काळा डाग पडे, आणि झुडपांतून जाताना आवाज येत नसे. हरणाचे कान पाहता हा शेवटचा गुण लहान नाही.

लोकरीच्या या राज्याला एक काळी बाजूही होती. मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं शहर. जानेवारी १९१२ मध्ये कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५६ वरून ५४ झाले, तशी मालकांनी मजुरी कापली आणि वीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. त्यांत इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सीरियन असे कितीतरी नवे स्थलांतरित होते. उपासमार टाळण्यासाठी त्यांची मुलं न्यूयॉर्कला सहृदय कुटुंबांकडे पाठवली गेली. मुलांसोबत गेलेल्या नर्स मार्गारेट सँगर यांनी नंतर अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली की त्या ११९ मुलांपैकी फक्त चौघांच्या अंगात आतले कपडे होते. हिवाळा ऐन भरात होता आणि ज्यांचे आईबाप देशासाठी लोकर विणत होते त्यांच्या मुलांना लोकर मिळत नव्हती. तुमच्या-माझ्यासारख्या स्थलांतरितांनी ही साक्ष लक्षात ठेवावी. उबेची किंमत अंगावरच्या कापडात दिसत नाही, ते विणणाऱ्याच्या घरात दिसते.

सैन्याने मोजलेली ऊब

एक जाड कोट घालण्याऐवजी बरेच पातळ थर घालायचे, ही युक्ती आज प्रत्येक दुकानदार तुम्हाला सांगतो. ती मुळात आर्क्टिकमधल्या लोकांची. इन्युइट लोक कॅरिबूच्या कातड्याचे दोन अंगरखे घालत: आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. गरम झालं की वरचा काढायचा. घाम येऊ द्यायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम.

या युक्तीला आकडे मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजण्यासाठी 'क्लो' हे एकक ठरवलं: २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखाने ठेवतील तेवढे कपडे म्हणजे १ क्लो, साधारण एक सूट. त्याच वर्षी अंटार्क्टिकात पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजलं. तुमच्या फोनवर हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा 'विंड चिल' तिथून आला. हे सिपल १९२८ मध्ये बालवीर म्हणून रिचर्ड बर्डच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले होते. अमेरिकन सैन्याचा १९४३चा गणवेश याच विचारावर बेतलेला होता: बाहेर वारा अडवणारं घट्ट विणीचं सुती कापड, आत लोकरीचे सुटे थर.

युद्धासाठी लोकर इतकी महत्त्वाची ठरली की १९५४ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय लोकर कायदा करून मेंढपाळांना अनुदान सुरू केलं. तरी उतरण थांबली नाही. १९४२च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज जेमतेम पन्नास लाख आहेत. अनुदान १९९०च्या दशकात बंद झालं. वूलरिच गावातली मूळ गिरणी २०१८ अखेर कायमची थांबली.

खोट्या फरची गिरणी

लोकरीची जागा घेणारा धागा आला तो जवळजवळ त्याच काळात. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रोपिलीन. नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीने मच्छीमार आणि लाकूडतोड्यांसाठी यांचे कपडे केले. अमेरिकेत १९८०च्या सुमारास पॅटागोनिया कंपनीने पॉलिप्रोपिलीनचे अंगालगतचे कपडे आणले. घाम धाग्यात मुरत नाही, बाहेरच्या थराकडे सरकतो, ही त्यांची करामत. पण ते उष्णतेने लवकर वितळत, लाँड्रीतल्या मोठ्या ड्रायरमध्ये आकसून जात, आणि घामाचा वास असा धरत की धुऊनही जाईना. १९८५ मध्ये त्याच कंपनीने त्यांच्या जागी खास प्रक्रिया केलेलं पॉलिस्टर आणलं.

फ्लीसचा जन्म मात्र लॉरेन्समध्येच झाला. तिथल्या लोकरीच्या गिरण्या बंद पडत गेल्या, तशी फॉयरस्टीन कुटुंबाची मॉल्डन मिल्स १९५०च्या दशकात शहरातल्या जुन्या गिरणीच्या इमारतींत आली. त्यांचा धंदा होता खोट्या फरचा. त्या फरची फॅशन सरली आणि १९८१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फर करण्याचं तंत्र हाताशी होतंच: विणलेल्या पॉलिस्टरची लव खरवडून वर काढायची आणि सारखी कापायची. पॅटागोनियाबरोबर काम करत त्यांनी त्यातून दोन्ही बाजूंनी लवदार, हलकं, झटकन वाळणारं कापड तयार केलं. लवेत हवा अडकते, धाग्यात पाणी शिरत नाही. तेच हे फ्लीस, आणि पुढे त्याचं पोलार्टेक हे नाव जगभर गेलं. १९९३ पासून प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासूनही ते होऊ लागलं.

११ डिसेंबर १९९५ च्या रात्री ही गिरणी आगीत जळाली. मालक ॲरन फॉयरस्टीन तेव्हा सत्तरीत होते. विम्याचे पैसे घेऊन त्यांनी घरी बसावं किंवा कारखाना परदेशी न्यावा, असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी गिरणी तिथेच पुन्हा बांधायचं जाहीर केलं आणि काम नसलेल्या कामगारांना सुमारे तीन महिने पगार दिला. ज्या शहरात १९१२ मध्ये दोन तासांची मजुरी कापल्यावरून संप पेटला होता, त्याच शहरातली ही गोष्ट. कौतुक भरपूर झालं, पण कर्जाचा डोंगर उतरला नाही. २००१ मध्ये कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली आणि पुढे फॉयरस्टीन यांच्या हातातून सुटली. चांगुलपणा तोट्यात जातो, असा यातून निष्कर्ष काढायची घाई करू नका. त्या तीन महिन्यांत शेकडो घरांचे हप्ते भरले गेले, हेही हिशेबात धरावं लागतं.

शिकाऱ्यांनी फ्लीस उचललं, पण कुरकुरत. ते वारा अडवत नाही, त्यावर घातलेलं नायलॉन हालचालीबरोबर सळसळतं, ठिणगीने भोक पडतं आणि पॉलिस्टरला अंगाचा वास पटकन चिकटतो. हरणाला तुम्ही दिसण्याच्या आधी तुमचा वास लागतो. वितळणाऱ्या कापडाचा धोका सैन्यानेही पाहिला: २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकन मरीन सैनिकांना तळाबाहेर जाताना सिंथेटिक शर्ट घालायला बंदी झाली, कारण स्फोटाच्या आगीत ते कातडीवर वितळत होते. मचाणावर स्फोट होत नाहीत, पण तंबूतल्या शेगडीशेजारी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मेरिनो आणि तिचं प्लास्टिकचं अस्तर

१९९०च्या दशकात लोकर परतली ती बारीक होऊन. लोकर टोचते ती जाड धाग्यांमुळे. साधारण ३० मायक्रॉनहून जाड टोकं त्वचेला बोचतात. मेरिनो मेंढीचा धागा २० मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. १९९४ मध्ये कोलोरॅडोत स्मार्टवूल आणि पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये आइसब्रेकर या कंपन्यांनी मेरिनोचे मोजे आणि अंगालगतचे कपडे आणले. नंतर खास शिकाऱ्यांसाठी मेरिनोचे कपडे करणाऱ्या कंपन्याही निघाल्या. त्यांचा मुख्य दावा असा की आठवडाभर घातले तरी वास कमी येतो.

पण 'नैसर्गिक' या शब्दावर फार विसंबू नका. वॉशिंग मशीनमध्ये न आटणारी लोकर हवी असेल तर बऱ्याचदा तिच्या खवल्यांवर क्लोरीनची प्रक्रिया करून वर पॉलिमरचा पातळ लेप देतात. म्हणजे मेरिनोच्या बऱ्याच मोज्यांवरही प्लास्टिकचं अस्तर असतं. दुसरीकडे फ्लीसही निष्पाप नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका धुण्यात एका सिंथेटिक कपड्यातून १,९०० हून अधिक तंतू सुटू शकतात असं दिसलं. ते सांडपाण्यातून नदी-समुद्रात जातात. ज्या पाणथळीत बदकं उतरतात, तिथेच.

आपल्या घरातला एक घोळही इथे सोडवू. मावशीने विणून पाठवलेल्या स्वेटरला आपण लोकरीचा म्हणतो, पण विणकामाच्या दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा धागा अनेकदा ॲक्रिलिकचा असतो. खात्री करायची असेल तर एक सुटा धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. अमेरिकेत घेतलेल्या कपड्याला हे करायची गरज नाही. १९३९च्या लोकर लेबल कायद्यामुळे कॉलरच्या आत टक्केवारी लिहावीच लागते. ती वाचा.

मग घ्यायचं काय?

इतका इतिहास वाचल्यावर तुम्हाला उत्तर हवंच असणार.

डोंगरात दिवसभर माग काढत फिरायचं असेल तर अंगालगत पातळ सिंथेटिक किंवा पातळ मेरिनो, दोन्ही चालतात. फिरणारा माणूस स्वतःच भट्टी असतो आणि पातळ थर अंगाच्या उबेने वाळतो. एकाच दिवसात परतणार असाल तर सिंथेटिक स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं. चार-पाच दिवस तंबूत काढणार असाल तर मेरिनो, कारण वास.

मचाणावर किंवा झुडपाआड तासन्‌तास बसायचं असेल तर जाड लोकरीला आजही तोड नाही असं जुने शिकारी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे: ती आवाज करत नाही, ठिणगीला घाबरत नाही आणि हवेतली ओल पोटात घेते. पण ती अंगावर घालून चढ चढू नका. ती पाठीवर बांधा, कमी कपड्यांत थोडं काकडतच चाला, आणि जागेवर पोचल्यावर, घाम यायच्या आत किंवा आलाच तर आतला ओला थर बदलून, मग वर चढवा. इन्युइट लोकांचा नियम तोच.

पाण्यात पडण्याचा धोका असेल, म्हणजे होडी, दलदल, बदकांची शिकार, तर आत पाणी धरून न ठेवणारं फ्लीस आणि बाहेर पाणी-वारा अडवणारं कवच घ्या. शिवाय एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बरोबर ठेवा. १९४० मध्ये त्या बेटांवर असा कोरडा जोड असता तर काही जणांची रात्र निभली असती असं वाटतं. आणि सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, तिन्ही घरी ठेवा. त्या दिवशी सकाळ उबदार असेल तर मुद्दाम आठवणीने.

तुम्ही शिकारीला कधीच जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण मुलांना घेऊन जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर जाल, बर्फ उपसाल आणि घामाघूम होऊन मग शेजाऱ्याशी गप्पा मारत उभे राहाल, पहिल्यांदाच इथला हिवाळा बघायला आलेल्या आईबाबांना फिरायला न्याल. आई साडीवर सुती शाल आणि पायांत सुती मोजे घालून तयार होईल. "मला नाही एवढी थंडी वाजत," म्हणेल. तेव्हा वाद घालू नका. तिला आपलं घोंगडं आठवून द्या, आणि हातात लोकरीचे मोजे ठेवा.